ऑक्सिजन चेंबरवर पैसे घालण्याआधी

हायपरबॅरिक ऑक्सिजनने (बंद चेंबरमध्ये जास्त दाबाखाली दिलेल्या ऑक्सिजनने) सेरेब्रल पाल्सीत, म्हणजे लहान वयात मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर परिणाम होतो त्या अवस्थेत, फरक पडतो का, असं विचारलंत. २००१ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेली चाचणी बघा. १११ मुलं, साधारण निम्म्यांना ऑक्सिजन, बाकीच्यांना किंचित दाबाखालची साधी हवा. सुधारणा दोन्ही गटांत झाली, तीही सारखीच! त्यामुळे 'आमच्या मुलाला गुण आला' म्हणणारे पालक खोटं बोलत नसतात, पण श्रेय ऑक्सिजनचं ठरत नाही. (मुलं एरवीही वाढतच असतात, हे जाहिरातवाले सोयीस्कर विसरतात.)

त्यापेक्षा सेरेब्रल पाल्सीच्या संशोधक आयोना नोव्हाक यांचे २०१३ आणि २०२०चे आढावा-लेख वाचा. उपचारांना सिग्नलसारखे हिरवा-पिवळा-लाल रंग दिलेत. थेरपिस्टने हातपाय हलवून देण्यापेक्षा मुलाने स्वतः ठरलेल्या कामाचा सराव करणं हिरव्यात येतं. मुलाची जीएमएफसीएस पातळी (मूल स्वतः किती हालचाल करू शकतं, याची एक ते पाच अशी वर्गवारी) कोणती सांगितली आहे?