हर्मिसचं डोकं, 20 लेप्टा: पॅरिसचं की अथेन्सचं?

अल्बमवाली:
नमस्कार मंडळी. माझा धाकटा मामा व्यापारी जहाजावर होता. तो गेल्यावर त्याचा तिकिटांचा अल्बम माझ्याकडे आला. त्यात ग्रीसची 20 लेप्टाची (लेप्टा म्हणजे तिथलं तेव्हाचं सुटं नाणं) चार तिकिटं आहेत. निळा रंग, पंखवाल्या टोपीतलं हर्मिस देवाचं डोकं, दातेरी कडा नाहीतच, कात्रीने कापलेली. चारांच्याही खाली मामाने पेन्सिलने "1861 पॅरिस" लिहिलंय. मामा आशावादी माणूस होता, त्यामुळे मला शंका आहे.

क्र. 1: गडद निळं, गाल आणि मान अगदी शाईने बरबटलेली, मागे निळा 20.
क्र. 2: खूपच स्वच्छ छपाई, मागे 20.
क्र. 3: मागे काहीच नाही, कागद सायीच्या रंगाचा.
क्र. 4: चेहऱ्यावरच शिक्का, ठिपक्यांच्या चौकोनात 1. मागे 20.

ओळखायचं कसं? माझ्याकडे दहापट भिंग आहे, कॅटलॉग नाही.

चिमटा_आणि_भिंग:
सोपं आहे. मागे आकडा = अथेन्स, मागे कोरं = पॅरिस. म्हणजे क्र. 3 पॅरिस. विकायचं असेल तर मला आधी सांगा 😀

ट्रेडलवाला:
ताई, थांबा, एवढ्यात कोणाला काही देऊ नका. चिमटाभाऊंचं अर्धं बरोबर आहे आणि उरलेल्या अर्ध्यात तुमचे पैसे जातील.

1 ऑक्टोबर 1861 ला ही मालिका निघाली, तेव्हा ती पॅरिसमध्ये छापली होती. चित्र कोरलं आल्बेर बार याने. फ्रान्सचं 1849 चं पहिलं तिकीट कोरणारा त्याचा बाप. ठसे मग अथेन्सला पाठवले आणि नोव्हेंबरपासून तिथेच छपाई सुरू झाली. ठसे तेच, चित्र तेच. म्हणून नवं-जुनं चित्र शोधत बसू नका. हात बदलला, तो शोधायचा.

आमच्या वडिलांचा सांगलीत ट्रेडल, म्हणजे पायाने चालवायच्या यंत्राचा, छापखाना होता. लग्नपत्रिकेवर गणपतीचा ब्लॉक छापायचा तर आधी अर्धा दिवस मेकरेडीत जायचा. जिथे गडद हवं तिथे कागदाखाली पातळ टिश्यूचे तुकडे चिकटवायचे, जिथे नाजूक रेघ हवी तिथलं पॅकिंग ब्लेडने कापून काढायचं. हे नाही केलं तर दाब सगळीकडे सारखा पडतो, बारीक रेघा फुगतात आणि गणपतीच्या गालावर काजळी बसते. मी एकदा कंटाळा केला होता. तीनशे पत्रिका परत छापल्या, वर कानाखाली एक.

पॅरिसच्या कारागिरांनी ती मेहनत घेतली होती. अथेन्सचे लोक या कामात नवखे होते. आता भिंगातून गालाच्या आणि मानेच्या रेघा बघा. पॅरिसमध्ये त्या टोकाला निमुळत्या होत जातात, काही ठिकाणी तुटून नुसते ठिपके उरतात, गाल गोल वाटतो. अथेन्समध्ये तीच रेघ शेवटपर्यंत जाड. तुमचं क्र. 1 मला इथूनच दिसतंय.

क्र. 2 ने बरेच जण फसतात. वर्षानुवर्षं शाई वाळून ठशांच्या खाचा बुजल्या होत्या. त्या साफ केल्यावर 1867 ते 69 च्या सुमारास छपाई पुन्हा उजळली. तुमचं त्यातलं आहे का, ते रंग आणि कागद समोर असल्याशिवाय सांगणार नाही. पण मागे 20 आहे म्हणजे पॅरिस नाही, हे नक्की. पॅरिसच्या मालिकेत मागे आकडा फक्त 10 लेप्टावर होता, चांगला मोठा, 8 मिमी उंच.

आता क्र. 3. 1880 नंतर अथेन्सनेच मागचे आकडे बंद केले. त्यामुळे मागची बाजू कोरी असणं हा पुरावा नाही. पॅरिसच्या 20 लेप्टाचा कागद निळसर असतो. तुम्ही साय म्हणताय, तिथेच माझं उत्तर आलं. तरी पाठ उजेडासमोर धरून बघा, मधला भाग पातळ दिसला तर कोणीतरी आकडा खरवडलाय. तसला उद्योग करणारे आहेत.

चिमटा_आणि_भिंग:
काका, 1880 चं माझ्या लक्षातच नव्हतं. मी तसली दोन "पॅरिस" म्हणून घेऊन बसलोय. आता घरी सांगत नाही.

अल्बमवाली:
ट्रेडलवाला काका, दुपारभर खिडकीत बसले होते. क्र. 1 ला गालावर काजळीच आहे, तुमचा शब्द चपखल. क्र. 3 ची पाठ एकसारखी जाड आहे, खरवडलेलं नाही, पण गालाच्या रेघा जाड आणि कागदात निळी छटा नाही. क्र. 4 चा चेहरा शिक्क्याखाली गेलाय, काही कळत नाही.

अल्बममध्ये नारिंगी 10 लेप्टाही एक निघालं. मागचा आकडा पट्टीने मोजला तर साधारण साडेसहा मिमी येतो. पट्टी शाळेची आहे, चालेल का?

ट्रेडलवाला:
साडेसहा आणि आठ यांत शाळेची पट्टीसुद्धा चुकत नाही. तेही अथेन्सच.

क्र. 4 चा आकडा मागे आहे, मग चेहरा दिसला नाही तरी पॅरिसचा प्रश्न उरत नाही. शिक्क्यातला 1 म्हणजे अथेन्सचं टपाल ऑफिस. आणि ते कागदाच्या तुकड्यावर चिकटलेलं असेल तर पाण्यात टाकू नका, तुकड्यासकट ठेवा.

अल्बमवाली:
तुकड्यावरच आहे. गेल्या रविवारी वाटीत पाणी काढलं होतं, फोन आला म्हणून राहिलं.