होमगार्डमध्ये जावं का? ट्रेनिंग आणि ड्युटी नक्की कशी असते

सांगोल्याची_पोर:
नमस्कार सगळ्यांना. मी 23 वर्षांची, बीए झालंय, सध्या एका मेडिकलमध्ये काम करते आणि पोलीस भरतीची तयारी चालू आहे. मैत्रीण म्हणते आधी होमगार्ड हो, मग भरतीत फायदा होतो. घरचे म्हणतात ती काय नोकरी आहे का, उन्हातान्हात चौकात उभं करतात नुसतं. ट्रेनिंगमध्ये काय शिकवतात, रोज जावं लागतं का, मेडिकल सोडावं लागेल का? माझी उंची घरच्या टेपने 154 भरते. कोणी केलं असेल तर खरं खरं सांगा.

खाकी_वेडा:
ताई, पहिली गोष्ट, ही नोकरी नाही हे डोक्यात पक्कं बसव. मानसेवी असतं, म्हणजे बोलावलं की जायचं आणि जेवढे दिवस ड्युटी तेवढ्याच दिवसांचे पैसे. 2024 मध्ये दिवसाचा भत्ता 570 वरून 1083 केला, त्यामुळे आता परवडतं तरी, आधी तर चहावडापाव आणि पेट्रोल जाऊन हातात काय उरायचं ते विचारू नको. पण 1083 ला तीसनं गुणून घरी सांगू नकोस, सलग महिनाभर ड्युटी लागेल याची कुणी गॅरंटी देत नाही. मेडिकल अजिबात सोडू नको. खाजगी नोकरीवाल्यांना मालकाचं ना हरकत पत्र लागतं, ते आधी घेऊन ठेव, आमच्यातल्या एकाच्या मालकानं ऐन गणपतीत सुट्टी नाकारली आणि पोरगं दोन्हीकडून बोलणी खात बसलं.
फायदा खरा आहे. 3 वर्षं पूर्ण केली की पोलीस, वन विभाग, अग्निशमन दलाच्या भरतीत 5 टक्के आरक्षण. पण 3 वर्षं नुसतं ओळखपत्र खिशात घालून नाही चालत, कवायतीला आणि बंदोबस्ताला हजेरी लागते.

वारीतली_माउली:
मी सोलापूर जिल्ह्यातलीच, 6 वर्षं झाली. तुझ्या घरचे अर्धे बरोबर आहेत, चौकात उभं करतातच 😄
निवडीला बाईची उंची 150 सेमी लागते, दहावी पास, वय 20 ते 50. पळायला 800 मीटर आणि गोळाफेक. पोरांना 162 उंची आणि 1600 मीटर. तुझं 154 इथं आरामात बसतं, पण पोलीस भरतीला मुलींना 155 लागते ना गं, त्याचं काय? टेप भिंतीला लावून सकाळी उठल्या उठल्या नीट मोज, दिवसभरात माणूस थोडं खाली बसतं. खरंच 154 असेल तर आरक्षणाच्या भरवशावर 3 वर्षं घालवण्याआधी विचार कर.
आणखी एक, ज्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत राहतेस तिथल्याच पथकात घेतात. भाड्यानं दुसरीकडे राहत असशील तर रहिवासाचा पुरावा कुठला आहे ते बघ.
ट्रेनिंगमध्ये कवायत, लाठी, रायफल हाताळणं, प्रथमोपचार, आग विझवणं, अडकलेल्या माणसाला बाहेर काढणं (त्याला विमोचन म्हणतात), ट्रॅफिक, गर्दी. नंतर आठवड्याची परेड. खरं ट्रेनिंग मात्र आषाढीला पंढरपुरात होतं. मला पहिल्या वर्षी चंद्रभागेच्या वाळवंटात लावलं होतं, वाटलं शिट्टी मारून लोकांना पाण्यातून बाहेर काढायचं एवढंच काम, पण सगळा दिवस चुकलेल्या म्हाताऱ्या सांभाळण्यात गेला. एकीला गावाचं नाव सोडून काही सांगता येईना, दिंडीचा नंबर माहीत नाही, मुलाचा फोन नंबर पाठ नाही, आणि मलाच म्हणते पोरी तू जेवलीस का. दोन तास तिला घेऊन फिरले. बायकांना लघवीला जायची सोय हा मात्र प्रत्येक बंदोबस्ताचा रडका विषय, पाणी कमी पिऊन पिऊन मला एकदा चक्कर आलेली. बाटली आणि गूळशेंगदाणे जवळ ठेवायचेच.

पलटणनायक_निवृत्त:
"नुसतं उभं करतात" म्हणणाऱ्यांसाठी. ही संघटना 6 डिसेंबर 1946 ला मुंबईत सुरू झाली, तेव्हा दंगली चालू होत्या आणि मोरारजी देसाई मुंबई प्रांताचे गृहमंत्री होते. 1947 चा कायदा आहे. त्यात स्पष्ट आहे, होमगार्डला कर्तव्यावर बोलावलं की त्याला पोलिसासारखेच अधिकार आणि संरक्षण मिळतं. बोलावलेलं नसताना वर्दी घालून टोलनाक्यावर रुबाब केला तर तुम्ही साधे नागरिक, आणि वरून कारवाई. माझ्या पथकातल्या दोघांना मी स्वतः घरी बसवलंय.
बाळ, निवडणूक, दहावी-बारावीच्या परीक्षा, नवरात्र, सगळीकडे लागतं. 2027 ला नाशिकचा कुंभ आहे, माणसं लागणारच.

लेस्टरकर:
विषयाला थोडा फाटा. इंग्लंडमध्ये स्पेशल कॉन्स्टेबल म्हणून असंच असतं, महिन्याला साधारण 16 तास द्यायचे, आणि पगार शून्य, फक्त प्रवासखर्च वगैरे. पण अधिकार मात्र पूर्ण पोलिसाचे, अटकसुद्धा करता येते. माझा ऑफिसमधला मित्र शुक्रवारी रात्री दारुडे सांभाळतो आणि सोमवारी एक्सेल शीट भरतो. 1083 ऐकून तो म्हणेल मीच सांगोल्याला येतो.

सांगोल्याची_पोर:
सगळ्यांचे आभार. सकाळी मोजली, 155 आणि वर केसभर. भाऊ म्हणतो केस दाबून मोज, म्हणून दोनदा मोजली. मेडिकलच्या काकांना ना हरकतीचं विचारलं तर म्हणाले आषाढीला मला पण आतून दर्शन घडवशील का. @पलटणनायक_निवृत्त काका, यावर काय सांगू त्यांना?

पलटणनायक_निवृत्त:
रांगेत उभे राहा म्हणावं.