सीमाभागात निवडणूक सल्लागाराचं काम: सुरुवात कुठून करावी?

खानापूरकर: राणी चन्नम्मा विद्यापीठात राज्यशास्त्रात एमए चालू आहे. निवडणूक सल्लागार व्हायचंय, पुढे चॅनेलवर विश्लेषणही करायचंय. मराठी, कन्नड दोन्ही लिहिता-वाचता येतं. कोर्स करावा की थेट एखाद्या उमेदवाराकडे लागावं?

बूथवार: कोर्स राहू द्या, आधी फॉर्म 20 वाचायला शिका. बूथनिहाय मतं त्यातच असतात, राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर मिळतो. खानापूरचे 2013, 2018, 2023 असे तिन्ही एका एक्सेलमध्ये घ्या. बूथ क्रमांकावरून मात्र जुळवू नका. केंद्रांची फेररचना झाली की क्रमांक सरकतात आणि एका गावाची मतं दुसऱ्याच्या खात्यात दिसतात. शाळेचं नाव आणि खोली धरून जुळवा. लोकसभेचे आकडे बेळगावच्या फायलीत शोधू नका. खानापूर उत्तर कन्नड मतदारसंघात आहे, निपाणी चिक्कोडीत. बाहेरगावच्या टीम इथेच फसतात.

सरावाला 2018 चं खानापूर घ्या. महाराष्ट्र एकीकरण समितीचे (सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणणारी संघटना) दोन गट, दोन उमेदवार: अरविंद पाटील आणि विलास बेळगावकर. दोघांच्या मतांची बेरीज निवडून आलेल्या अंजली निंबाळकरांच्या मतांपेक्षा जास्त होती. एवढं गावात कुणीही सांगेल. फूट कुठल्या गावात पडली आणि 2023 ला तिथली मतं कुठे सरकली हे बूथसकट सांगितलंत, तर उमेदवार तुम्हाला बसवून घेईल.

टिळकवाडी_2: वरचं सगळं बरोबर. माझी भर एवढीच की आडनावावरून भाषा ठरवू नका. पाटील, देसाई, कुलकर्णी आपल्याकडे मराठी आणि कन्नड दोन्ही घरांत आहेत. मतदारयादीवरून ‘मराठी मतदार’ मोजणारं सॉफ्टवेअर इथे साफ चुकतं. घरोघरी जाणारा कार्यकर्ताच बोली ओळखतो, म्हणून यादीत भाषेचा रकाना त्याच्याकडूनच भरून घ्या.

सर्व्हेचंही तसंच. 400 जणांच्या नमुन्यात साधारण 5 टक्के इकडे-तिकडे होतंच. 2021 च्या बेळगाव लोकसभा पोटनिवडणुकीत समितीच्या शुभम शेळके यांनी लाखावर मतं घेतली आणि निकाल 5,240 मतांनी लागला. असल्या लढतीत विजेत्याचं नाव सर्व्हेवरून सांगणं बेजबाबदारपणाचं आहे. कॅमेऱ्यासमोर तर नकोच.

हिशेबनीस: पैशाचं कुणी बोललं नाही. विधानसभेला उमेदवाराची मर्यादा 40 लाख. तुमची फी त्याच्या प्रचारासाठी असेल तर तीही त्यात दाखवावी लागते, म्हणून पावती द्या आणि पैसे त्याच्या निवडणूक खात्यातूनच घ्या. पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता नसेल तर लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 127 अ लागतं. सोशल मीडियावरची जाहिरात आधी एमसीएमसीकडून (निवडणूक आयोगाची माध्यम प्रमाणन आणि देखरेख समिती) प्रमाणित करून घ्यावी लागते. ऐन धावपळीत हेच राहतं. निकालानंतर 30 दिवसांत हिशेब जमा.

आणि ज्याच्याकडून फी घेतली, त्याच्या मतदारसंघावर चॅनेलवर बोलू नका. बोलावंच लागलं तर सुरुवातीलाच सांगून टाका. बेळगावात कोण कुणाचं काम करतो हे चार दिवसांत सगळ्यांना कळतं, मग दोन्ही धंदे बुडतात.

खानापूरकर: आभार. जुना फॉर्म 20 स्कॅन केलेला आहे, कॉपी होत नाही. हाताने टाइप करू?

बूथवार: हो, हातानेच. प्रत्येक ओळीत उमेदवारांची बेरीज करून वैध मतांच्या रकान्याशी ताडा. पान संपलं की उभी बेरीजही घ्या. 3 आणि 8 ची गल्लत तिथेच सापडते.