मदत हवी आहे: सरपणासाठी दमदार चेनसॉ कुठली घ्यावी?

नमस्कार मंडळी. गुहागरजवळ घर आहे. न्हाणीघराचा बंब आणि परसातली चूल अजून लाकडावरच, त्यामुळे पावसाआधी खोपीत बेगमी लागतेच. वादळात पडलेल्या आंबा-फणसाचे ओंडके आवारात आहेत. काही बुंधे कवेत मावत नाहीत. शिवाय ऐन आणि सुरू. वाळलेला सुरू म्हणजे लोखंडच, करवतीच्या दातांची पार वाट लावतो!

विजेवरची नको, बागेत वायर कुठवर ओढणार? पेट्रोलवरच्या दोन डोळ्यांसमोर आहेत. एक स्टील (Stihl) कंपनीची एमएस २५०, ४५ सीसी. दुसरी बाजारात मिळणारी स्वस्त ५८ सीसी, २२ इंची बार (चेन जिच्यावरून फिरते ती पट्टी). कागदावर दुसरी जबर दिसते, पण नुसत्या सीसीवर माझा भरवसा नाही. ताकद किलोवॅटमध्ये किती, ते तिच्या खोक्यावर छापलेलंच नाही.

कोणी वापरली असेल तर सांगा: १८ इंची बार पुरेल का? खाऱ्या हवेत कार्ब्युरेटर टिकतो का? चिपळूण-रत्नागिरीकडे सुटे भाग आणि चेनला धार लावून देणारा कोणी आहे का? पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल १:५० की १:२५, यावर तर दोन दुकानदारांनी दोन उत्तरं दिली. आणि बारला वेगळं ऑइल घ्यावंच लागतं ना?