सातपुड्यात हँडलवर काय लावता? बाइकवाल्यांनो, अनुभव लिहा

पावसाळा सरला की तोरणमाळ, पाल, पाटणादेवीकडे बाइका निघतात आणि दरवर्षी तोच प्रश्न येतो: मोबाइल पुरे, की बाइकसाठीचं खास जीपीएस घ्यावं? बाजारातले सल्ले सगळे लडाख-स्पितीचा विचार करून दिलेले असतात. आपलं ऊन, फुफाटा आणि धडगावकडचं नेटवर्क त्यात कुठेच नसतं. म्हणून खान्देशातल्या लोकांनाच विचारतोय. कोणतं यंत्र, कुठल्या रस्त्यावर, कसं चाललं ते लिहा. किमती राहू द्या, त्या बदलत असतात.

जळगावहून
आपल्याकडे पहिली परीक्षा उन्हाची. मे महिन्यात इथं पारा ४५ च्या आसपास असतो आणि अ‍ॅपल कंपनी आयफोन वापरायला ० ते ३५ अंश तापमान सांगते. त्यात स्क्रीन पूर्ण उजेडावर, जीपीएस चालू आणि वरून चार्जिंग. फोन आधी स्क्रीन मंद करतो, मग चार्जिंग थांबवतो, शेवटी बंद पडतो. प्लास्टिकच्या पारदर्शक पाऊचमध्ये तर हमखास. उन्हाळ्यात मी फोन टँक बॅगच्या सावलीत ठेवतो आणि हेल्मेटमधल्या ब्लूटूथवर रस्ता ऐकत जातो. नजरही रस्त्यावर राहते.

शहाद्याहून
म्हसावद, राणीपूर करत तोरणमाळला चढा, नाहीतर तळोद्याहून चांदसैली घाटातून धडगावला जा, नेटवर्क मधूनमधून जाणारच. पण नेटवर्क गेलं म्हणजे जीपीएस गेलं, हा समज काढून टाका. उपग्रहाचा सिग्नल थेट आकाशातून येतो, त्याला सिमकार्ड लागत नाही. जातो तो नकाशा, कारण तो इंटरनेटवरून उतरत असतो. म्हणून ऑस्मअँड किंवा ऑरगॅनिक मॅप्स या अ‍ॅपमध्ये नकाशा घरीच उतरवून ठेवा. आणि एकट्या महाराष्ट्राचा पुरत नाही! शहाद्याहून खेतियाला गेलात की मध्य प्रदेश लागतो, अक्कलकुव्याच्या पुढे गुजरात. तिन्ही राज्यं उतरवा.
दुसरं म्हणजे, नेटवर्क नसताना फोनला पहिल्यांदा जागा सापडायला वेळ लागतो. एरवी उपग्रह कुठे आहेत ही माहिती त्याला इंटरनेटवरून झटकन मिळते. ती नसली की सगळं उपग्रहाकडूनच ऐकावं लागतं. तेव्हा गावातच जीपीएस सुरू करून निघा, दरीत उतरल्यावर नको.

चाळीसगावहून
मी गार्मिन कंपनीचं झुमो एक्सटी हे बाइकसाठीचं जीपीएस लावतो आणि लांबच्या दौऱ्यासाठी तेच सांगेन. साडेपाच इंचाचा पडदा भर उन्हात वाचता येतो, हातमोजे घालून चालतो. आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकण्याची चाचणी, त्यामुळे कन्नड घाटातल्या पावसात पिशवी शोधावी लागत नाही. फोनच्या स्क्रीनवर थेंब पडले की तिला ती बोटंच वाटतात आणि नकाशा भलतीकडे सरकतो. रस्ता रात्री संगणकावर आखायचा, त्या आखलेल्या रस्त्याची फाइल (जीपीएक्स) यंत्रात टाकायची, पुढे फोन खिशात.
घेताना एक मात्र नक्की पाहा: त्यात भारताचा नकाशा आहे का, आणि तो नवा करायला वेगळे पैसे पडतात का. परदेशातून आणवलेल्या यंत्रात भलत्याच खंडाचा नकाशा असू शकतो. फक्त रविवारी पाटणादेवीपर्यंत जाणार असाल तर एवढा खर्च करू नका.

भुसावळहून
कोणतंही यंत्र घ्या, आधी वायरिंग नीट करा. चार्जरची लाइन चावी फिरवल्यावरच चालू होणाऱ्या सप्लायवरून घ्या, फ्यूज टाका. थेट बॅटरीला जोडलेला चार्जर बाइक उभी असतानाही थोडी थोडी वीज ओढत राहतो. फोन हँडलला बांधणार असाल तर कंपन शोषणारा माउंटच घ्या. मोठ्या इंजिनाच्या बाइकच्या कंपनांनी आयफोनचा कॅमेरा बिघडू शकतो, असं अ‍ॅपलनं २०२१ मध्ये जाहीर सांगितलंय.

साक्रीहून
गुगल मॅप्समधली दुचाकीची सोय २०१७ पासून आहे. शहरात छान आहे, इकडे ती जवळचा म्हणून बैलगाडीची वाटही दाखवते. पांझरेच्या पुरात फरशी पूल बुडाला असेल, तर ते बांधावरचा माणूसच सांगतो, "पुढे रस्ता नही शे भाऊ." तिथे मी गाडी वळवतो.

नंदुरबारहून
एक महत्त्वाचं कोणी लिहिलं नाही. उपग्रहावरून संदेश पाठवणारी, संकटात मदत मागायच्या (एसओएस) बटणाची यंत्रं (गार्मिन इनरीच वगैरे) भारतात दूरसंचार खात्याच्या परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत. विमानतळावर अशा यंत्रांसाठी लोकांना ताब्यात घेतलं गेलंय. झुमो किंवा ईट्रेक्स (गार्मिनचंच हातात धरायचं जीपीएस) फक्त सिग्नल ऐकतात, उपग्रहाकडे काही पाठवत नाहीत, त्यामुळे त्यांना ही अडचण नाही. परदेशातल्या नातेवाइकाकडून काही मागवणार असाल, तर मॉडेलचं पूर्ण नाव आधी तपासा. दोन्ही प्रकार दिसायला बरेच सारखे असतात.