नेट बंद, ॲप बंद : तुमच्यावर काय वेळ आली?

मे २०२३ मध्ये केंद्र सरकारने १४ मेसेजिंग ॲप्स एका फटक्यात बंद केली. काश्मीरमधले दहशतवादी ती वापरतात, हे कारण. त्यात ब्रायर आणि एलिमेंटही होती. कोथरूडमधला आमचा मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांचा गट एलिमेंटवरच बोलायचा. ते ज्या मॅट्रिक्स प्रोटोकॉलवर, म्हणजे मेसेज पाठवण्याच्या ठरलेल्या पद्धतीवर चालतं, तो खुला, कुणालाही त्यावर ॲप बनवता येतं. त्यामुळे तेच चालवणारं दुसरं ॲप टाकून आम्ही पुन्हा बोलायला लागलो. ज्यांना हे जमतं त्यांचं निभावतं. ज्यांना जमत नाही त्यांचं काय होतं, ते मला ऐकायचंय. देशातलं असो वा परदेशातलं, मतं नंतर मांडू, आधी घडलेलं सांगा.

कर्वेनगर
आमच्याकडे कॉट बेसिसवर काश्मीरमधल्या बारामुल्ल्याचा एक मुलगा होता. ५ ऑगस्ट २०१९ ला तिकडे मोबाईल, लँडलाइन, नेट सगळंच बंद झालं. आठवडाभराने बकरी ईद आली, ती त्याने आईचा आवाज न ऐकताच काढली. ऑक्टोबरात पोस्टपेड फोन सुरू झाले, पण त्याच्या वडिलांचं सिम प्रीपेड. मग शेजाऱ्यांच्या फोनवर बोलणं व्हायचं, तेही शेजारी घरी असले तर.

डिसेंबरात एका संध्याकाळी तो घाबराघुबरा होऊन खाली आला. फोन माझ्यापुढे धरला. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये मामू, फुफी, बहीण, एकाखाली एक सगळे ‘लेफ्ट’. “आंटी, यह सब क्यूँ चले गये?” मला तरी काय कळणार? दुसऱ्या दिवशी बातमी आली, की १२० दिवस खातं वापरलं नाही तर व्हॉट्सॲप ते आपोआप काढून टाकतं. कुणी ग्रुप सोडलाच नव्हता. पण ती रात्र त्या पोराने कशी काढली ते मी पाहिलंय. तिकडे फोर-जी परत यायला फेब्रुवारी २०२१ उजाडला. तोवर त्याचं शिक्षण संपून तो गेलाही होता.

भोसरी एमआयडीसी
आमचं साच्यांचं काम, त्यामुळे चीनला जाणं-येणं. तिथे हॉटेलच्या वायफायवर व्हॉट्सॲप उघडत नाही. आपल्या सिमच्या रोमिंगवर मात्र चालतं, कारण तो डेटा फिरून भारतातूनच जातो. जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. तिथले पुरवठादार सगळे वीचॅट या चिनी चॅट ॲपवर. २९ जून २०२० ला आपल्या सरकारने ज्या ५९ ॲप्सवर बंदी आणली त्यात वीचॅटही गेलं. ड्रॉइंगमधले बदल, दुरुस्त्यांचे फोटो, दरांची बोलणी, सगळं त्या चॅटमध्ये होतं. सीमेवर चीनशी झालेल्या झटापटीत आपले जवान शहीद झाले होते, म्हणून बंदीला माझा विरोध नव्हता. पण जुनं काढून घ्यायला चार दिवस तरी द्यायला हवे होते, असं आजही वाटतं.

सदाशिव पेठ
लेक दुबईला. तिथे व्हॉट्सॲपवर मेसेज जातात, कॉल लागत नाही. तिथे चालणारं बोटिम नावाचं कॉलचं ॲप घेतलंय. नातवाचं तोंड दिसतं, बास.

नारायणगाव, सध्या हडपसर
९ ऑगस्ट २०१८, मराठा आरक्षणाचा बंद. जुन्नर, खेड, शिरूर, मावळ, बारामती, दौंड, भोर या तालुक्यांत नेट बंद केलं होतं. अफवा पसरू नयेत म्हणून, असं सांगितलं गेलं. प्रत्यक्षात गाडी जाळली, दगडफेक झाली, असं जो तो फोनवर सांगत होता आणि खरं-खोटं बघायला हातात काही नव्हतं. आई दिवसभर दारात उभी होती, कारण भाऊ चाकणला कामाला गेला होता. चाकणमध्ये दहा दिवसांपूर्वीच जाळपोळ झालेली, त्यामुळे तिला काय सांगणार?

शिवाजीनगर कोर्ट, वकिली
वरच्या अनुभवांत दोन वेगळे कायदे आहेत. नेटबंदीचा आदेश लपवता येत नाही. काश्मीरच्या नेटबंदीवरच्या अनुराधा भसीन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० ला सांगितलं, की आदेश प्रसिद्ध करा आणि बेमुदत बंदी चालणार नाही. ॲपवरची बंदी मात्र आयटी कायद्याच्या कलम ६९अ खाली येते. तिथे २००९ च्या नियमांतला १६ वा नियम गुप्तता पाळायला सांगतो. म्हणजे एलिमेंट का बंद झालं याचा कागद वापरणाऱ्याला बघायलाच मिळत नाही, मग तो आव्हान कशाला देणार? माझा खरा आक्षेप इथे आहे.

नारायणगावकर, त्या दिवसाच्या आदेशाची प्रत तुमच्या भागात कुणाकडे असेल तर फोटो टाका. आणि यापुढे कुठेही नेट बंद झालं, तर पहिल्याच दिवशी गृह विभागाकडे आदेशाची प्रत लेखी मागा. अर्जाचा मसुदा मी उद्या इथेच टाकतो.