ठेका द्यायचा तर द्या, पण करार आधी दाखवा (सोलापूर)

तळ्याकाठचा

सोलापुरात पाणी, कचरा, बस यातलं काहीही बिघडलं की एकच तोडगा पुढे येतो: ठेक्याने देऊन टाका. मी ठेक्याच्या नावानं बोटं मोडणाऱ्यांतला नाही. रोज लागणारी सेवा पाच-दहा-वीस वर्षांसाठी कुणाच्या हाती द्यायची असेल तर कराराचा मसुदा सही होण्याआधी प्रभागात लोकांसमोर ठेवा, एवढंच माझं म्हणणं. निविदा निघाल्यावर विचारून उपयोग नाही. कार्यादेश (काम सुरू करायचा हुकूम) दिल्यावर तर नाहीच नाही.

यासाठी नवा कायदा लागत नाही. क्षेत्रसभेची तरतूद २००९ सालीच महापालिका अधिनियमात आली. त्या भागातले सगळे मतदार म्हणजे क्षेत्रसभा, आणि नगरसेवक तिचा अध्यक्ष. राज्यात बहुतेक ठिकाणी ती कागदावरच राहिली. आपल्याकडे मार्च २०२२ मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि निवडणूक झाली ती थेट जानेवारी २०२६ मध्ये. मधल्या जवळपास चार वर्षांत आयुक्त हेच प्रशासक, म्हणजे प्रस्ताव मांडणारे तेच आणि मंजूर करणारेही तेच.

हरकती मागवतात, हे मला माहीत आहे. एका कामावर मी स्वतः लेखी हरकत दिली होती (कार्यालय कोणतं ते राहू द्या). आवक शिक्क्याची पोच माझ्याकडे आहे. उत्तर आलं नाही. फाईल बघायला मिळाली तेव्हा टिपणीत एवढंच होतं: ‘प्राप्त हरकतींचा विचार करण्यात आला.’ कुणी केला, काय केला, कोणती हरकत कशासाठी फेटाळली, काही नाही. आता सभागृह आलंय. नगरसेवकांकडे माझी पहिली मागणी हीच.

जुळे सोलापूरकर

विचारायचं काय त्यात? उजनीहून ११० किलोमीटर पाणी आणायचं, आणि धरण शंभर टक्के भरलेलं असतानाही आपण चार-पाच दिवसाआड पिंप भरायचे. दुसरी जलवाहिनी घातली, पण गावातल्या टाक्या, व्हॉल्व्ह, जुन्या वाहिन्या तशाच. हे ज्यांना जमलं नाही त्यांच्या हातातून काम काढून घ्या म्हणतोय मी. ज्याला जमेल त्याला द्या.

आणि लोकांना विचारलं नव्हतं का? स्मार्ट सिटीच्या वेळी २०१५ मध्ये सूचना घेतल्या, जानेवारी २०१६ मध्ये देशातल्या पहिल्या २० शहरांत नंबर लागला, पेढे वाटले. नळाला रोज पाणी आलं का? सभा घेऊन पाणी येत नाही मालक.

तळ्याकाठचा

स्मार्ट सिटीचं उदाहरण तुम्ही दिलंत ते बरं झालं. सूचना घेतल्या त्या प्रस्ताव पाठवण्यापुरत्या. पुढचे निर्णय कुणी घेतले? त्यासाठी वेगळी कंपनी काढली, त्यात राज्य शासन आणि महापालिका यांचे निम्मे-निम्मे समभाग. कामं ठरली ती संचालक मंडळाच्या बैठकीत. सूचना देणाऱ्याला त्या दालनात खुर्ची नव्हती आणि इतिवृत्तही घरपोच येत नव्हतं. लोकांना विचारून काम फसलं, असं म्हणायचं तर आधी नीट विचारलेलं तरी असायला हवं.

हिशेबनीस

लांब कशाला जाता, शेजारीच बघा.

लातूर. २००८ च्या सुमारास पाणीपुरवठा खासगी कंपनीकडे दिला, करार दहा वर्षांचा. मीटर आणि दर यावरून लोक रस्त्यावर उतरले. करार मुदतीआधीच गुंडाळावा लागला.

तेव्हाचं औरंगाबाद. समांतर जलवाहिनी, करार वीस वर्षांचा. सप्टेंबर २०१४ मध्ये शहराचा पाणीपुरवठा कंपनीकडे गेला, २०१६ मध्ये महापालिकेनेच करार रद्द केला. पुढे वाद आणि कज्जे.

नागपूर. मार्च २०१२ पासून २५ वर्षांचा करार. आधी धरमपेठेत प्रयोग करून पाहिला, मग शहरभर. बिलांवरून तिथंही कुरकुर आहे, चोवीस तास पाणी सगळीकडे पोचलं असंही नाही. पण करार टिकून आहे.

मला यात खासगी की सरकारी हा झगडा दिसतच नाही. नागपूरनं आधी एका भागात करून दाखवलं. मीटर कसला, दर कसा वाढणार, गळती कुणाच्या खात्यावर, हे माणसाला आपल्या गल्लीत बघता आलं. लातूरकरांना ते बिल हातात पडल्यावर कळलं. सोलापुरात तर पाणीपट्टी वर्षाची ठोक भरायची सवय. इथं एकदम मीटर लावून बघा, काय होतं ते.

जुळे सोलापूरकर

हिशेबनीस, अर्धाच हिशेब सांगितलात. औरंगाबादनं करार मोडला, टाळ्या वाजल्या. मग? २०१९ मध्ये १६८० कोटींची नवी योजना मंजूर झाली, ती फुगून २७४० कोटींवर गेली. तोवर लोक आठ-आठ दिवस टँकरची वाट बघत बसले. आंदोलन करणाऱ्यांनी एक टँकर तरी भरून दिला का?

हिशेबनीस

आकडा बरोबर आहे, मी नाकारत नाही. पण करार मोडायला पैसे लागतात, म्हणून तर तो करण्याआधी लोकांत फिरवा म्हणतोय. सही झाल्यावर तुमच्या-माझ्या हातात मोर्चाशिवाय काय उरतं?

विडी घरकुल

तुमी सगळे पाण्यावरच बोलालाव. झाडू मारणाऱ्याचं कोन बोलनार? माझा बाप बदली कामगार होता, कायम व्हायला अर्धं आयुष्य गेलं. लाड-पागे समितीच्या शिफारशीमुळं सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी लागते, माझ्या भावाला त्यातनंच लागली. ठेक्यात काय लागतंय? आज हा ठेकेदार, उद्या दुसरा. पी.एफ. कापलालाय म्हनतेत, भरलाय का कुनाला ठाव. लोकांना विचारा म्हनताव ना, मग त्या लोकात गटारीत उतरनारा पन धरा की ओ.

वजनकाटा

विडी घरकुलच्या मुद्द्याला जोडून थोडं आतलं सांगतो. कचऱ्याच्या गाड्यांशी कामानिमित्त संबंध आला होता. शहर आणि ठेकेदार दोन्ही आपलं सोलापूरचंच असेल असं समजू नका.

ठेकेदाराला पैसे टनावर मिळतात. घरोघरचा ओला कचरा गोळा करायचा तर गल्लीबोळात फिरावं लागतं, डिझेल जातं, चार माणसं लागतात आणि भरून निघालेली गाडी काट्यावर दोन टनही दाखवत नाही. त्यापेक्षा पडक्या वाड्याचं रॅबिट (दगड-विटांचा राडारोडा), नाल्यातला गाळ खाली टाकला आणि वरून कचऱ्याची चादर पसरली की काटा खूष. पावसाळ्यात ताडपत्री न टाकता गाडी उभी ठेवतात, भिजलेला कचराही वजन देतो. गल्लीतल्या बाईची तक्रार ‘आज गाडी आली नाही’ आणि कागदावर टन पूर्ण, दोन्ही एकाच दिवशी खरं असतं.

‘प्रति टन’ हे दोन शब्द करारात कुणी घातले, त्याऐवजी ‘प्रति घर’ का नाही, हे विचारायची जागा मसुद्यातच. गल्लीतल्या बाईला तो मसुदा दाखवला असता तर तिनं पाच मिनिटांत सांगितलं असतं.

कोर्टाची पायरी

सगळं पटतंय, तरी विरोधात लिहितो.

क्षेत्रसभा म्हणजे नक्की कोण येणार? नगरसेवक अध्यक्ष. मंडळाची वीस पोरं पुढच्या रांगेत. बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे, त्यामुळे कुणाला जाब विचारायचा तेच कळत नाही. पूर्व भागातला यंत्रमागवाला पाळी सोडून येणार आहे? विडी वळणारी बाई हजार विड्यांचा हिशेब टाकून येणार आहे? येणार ते निवृत्त आणि रिकामे (मीही त्यातलाच), आणि ठराव होणार ‘सर्वानुमते’.

दुसरं, सभेत एकानं विरोध केला की तो उच्च न्यायालयात जातो. स्थगिती आली की काम दोन वर्षं बसतं आणि दर वाढतात. जुन्या ठेकेदाराला मुदतवाढीवर मुदतवाढ मिळते ती याच काळात. तळ्याकाठचे, तुमच्या सभेचा पहिला फायदा त्यालाच व्हायचा.

तळ्याकाठचा

मुदतवाढीचा मुद्दा खरा आणि वजनदार आहे. त्यावर उपाय असा की करार संपायच्या वर्षभर आधी मसुदा बाहेर यावा. आपल्याकडे संपल्यावर जाग येते आणि मग ‘सेवा खंडित होऊ नये म्हणून’ ही ठरलेली ओळ.

गर्दीबद्दल: सभा संध्याकाळी पाळी सुटल्यावर घ्या, कारखान्याच्या भागात घ्या. आणि कागद नुसता मराठीत काढून भागणार नाही. महापालिका मराठीबरोबर उर्दू, तेलुगू, कन्नड शाळा चालवते. मुलांना चार भाषांत शिकवता, तर आईबापाला नोटीस एकाच भाषेत का? पूर्व भागात तेलुगूत भित्तिपत्रक लावा, मग बघा कोण येतं ते.

जुळे सोलापूरकर

चार भाषांत नोटीस काढली, सभा झाली, लोक म्हणाले मीटर नको, दरवाढ नको, ठेका नको, पाणी मात्र रोज पाहिजे. मग पुढे काय करायचं? त्याचं उत्तर कुणीच देत नाही. १९३० मध्ये याच नगरपालिकेवर तिरंगा फडकला म्हणून भाषणात छाती फुगवतो आपण, आणि पाणीपट्टीची थकबाकी निघाली की यादीत नावंही आपलीच.

तळ्याकाठचा

मग नाही म्हणाले तर ‘नाही’ लिहा, आणि ते डावलून करायचं असेल तर कारण देऊन डावला. सभेला नकाराधिकार मी मागतच नाही. माहिती अधिकाराच्या कलम ४ मध्ये हेच आहे: धोरण ठरवताना सगळी वस्तुस्थिती जाहीर करायची, आणि निर्णयाची झळ ज्याला बसते त्याला कारण द्यायचं. ‘विचार करण्यात आला’ हे कारण होत नाही.

कोर्टाची पायरी

कलम ४ चं पालन न झाल्यानं एखादा ठेका रद्द झालेला माझ्या तरी बघण्यात नाही. पण अपिलात उपयोगी पडतं, एवढं मान्य.

विडी घरकुल

आमचं घरकुल तर कुंभारी ग्रामपंचायतीत, म्हंजे महापालिकेच्या हद्दीभायेर. बाप राबला सोलापूरची गटारं काढत, आनी त्याच्या कामाच्या सभेला आमाला बोलवनार नाहीत. हे पन लिवा कुटंतरी.

जुळे सोलापूरकर

हे मात्र खरंय बे.

वजनकाटा

तोवर एक करता येईल. माहिती अधिकाराच्याच कलम २(च) प्रमाणे खासगी संस्थेची जी माहिती कार्यालयाला कायद्याने मागवता येते, तीही ‘माहिती’च. म्हणजे ‘खासगी कंपनीचं आहे’ म्हणून करार आणि वजनपावत्या सरसकट नाकारता येत नाहीत. मी एका महिन्याच्या वजनपावत्या मागतोय, गाडी क्रमांक आणि वेळेसकट. एकच गाडी वीस मिनिटांत दोनदा भरून आली असेल तर पावतीवरच दिसेल. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज सोमवारी टाकतो. हिशेबनीस, पावत्या आल्या की बेरीज तुमच्याकडे.